देवघरातला चार्जर

जुना लॅपटॉप घ्यायचा म्हटल्यावर बाबांनी पहिल्यांदा विचारलं, "दात किती झाले त्याचे?"

ते गंमत करत नव्हते. अनोळखी माणसाकडून वापरातली वस्तू घ्यायचा बाबांचा सगळा अनुभव बैलबाजारातला, आणि बैलाचं वय दातांवरून कळतं. मी म्हटलं, "पाच वर्षांचा हाये म्हणते विकणारा."

"तो तं म्हणनच," बाबा म्हणाले.

मी तेव्हा यवतमाळच्या एका कॉलेजात संगणकाच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजात काय अडलं आहे हे घरी समजावून सांगण्यातच माझा निम्मा जीव जायचा. या खेपेला अडलं होतं ते असं: वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं एक प्रोग्राम तयार करून बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना चालवून दाखवायचा होता. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी रोज एसटीनं येत-जात असे, म्हणून मला विषयही एसटीचाच सुचला. गावाचं नाव टाकायचं की यवतमाळहून तिकडे जाणारी पुढची गाडी दिसेल. लॅबमधल्या संगणकावर तो बराचसा झाला होता. मग एके दिवशी लॅबचे सगळे संगणक आतून धुऊनपुसून नवे करण्यात आले आणि त्यात माझ्या सगळ्या गाड्या गेल्या. पेनड्राइव्हवर एक जुनी अर्धवट प्रत तेवढी उरली.

सर म्हणाले, "स्वतःची मशीन आणा. लॅबच्या भरवशावर राहू नका. दाखवता आलं नाही तर वर्ष जाईल."

वर्ष गेलं तर तेच वर्ष पुन्हा शिकू द्या, असं घरी म्हणायची माझी हिंमत नव्हती. नवा लॅपटॉप मागायची तर त्याहून नव्हती. म्हणून मी मोबाइलवर जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर शोधायला लागले.

पहिला जो माणूस भेटला, तो मला दर वाक्यात 'सिस्टर' म्हणायचा. त्याची लांब कुठेतरी बदली झाली होती म्हणे, आणि लॅपटॉप तो कुरिअरनं पाठवणार होता. फक्त अर्धे पैसे आधी. फोटोत लॅपटॉपच्या मागे गुलाबाची फुलं ठेवलेली होती. मला तो भला वाटला. मी बाबांना फोटो दाखवला.

"फोटोत सगळेच बैल धडधाकट असतात," बाबा म्हणाले. "जनावर पाह्यल्याबिगर इसार देत नसतात. विचार त्याले, बाजार कुठी भरते तुह्या गावचा? आपण येऊ तिकडंच."

मी तसं विचारलं. त्या भावानं सिस्टरला लगेच ब्लॉक केलं.

दुसरी जाहिरात यवतमाळमधलीच होती. त्यात फार लिहिलेलं नव्हतं. 'चालू आहे. एक बटण तुटलेलं आहे. कधीकधी गरम होतो. येऊन बघा.' मी वाचून दाखवल्यावर बाबा खूश झाले. "हा माणूस खरा. यानं सोताहून खोडी सांगतल्या."

रविवारी आम्ही गेलो. बाबांनी धुतलेली टोपी घातली होती आणि खांद्यावर बाजाराचा दुपट्टा घेतला होता. मी म्हटलं, "बाबा, दुपट्टा कायले? ऊन नाही आज." त्यांनी तो नीट घडी करून पुन्हा खांद्यावर टाकला.

घर गल्लीच्या टोकाला होतं. तिशीतला विकणारा, कुठल्यातरी कार्यालयात नोकरीला. त्याचे वडील आणि आजोबाही नोकरीतच होते, हे भिंतीवरच्या निरोप समारंभाच्या फोटोंवरून कळत होतं. आत त्याची आई लसूण सोलत बसली होती. आम्ही नमस्कार केला, तिनंही केला, पण चेहऱ्यावरून दिसत होतं की आम्ही आलेलं तिला आवडलेलं नाही.

त्यानं लॅपटॉप टेबलावर ठेवला. बाबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. टेबल भिंतीला लागून होतं, म्हणून अर्धीच.

"उघडा तोंड," बाबा म्हणाले.

त्यानं झाकण उघडलं. बाबांनी बटणांवरून बोट फिरवलं आणि तुटलेल्या जागी थांबले. "हा कोणता पडला?"

"क्यू आहे काका. टोपण उडालंय फक्त. आतलं दाबलं की लागतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे लागते का गं जास्त?"

"नाही बाबा. कमी लागते."

"मंग चालते. मागचा दात हाये." मग त्याला म्हणाले, "चालवून दाखवा."

लॅपटॉप सुरू व्हायला जरा वेळ लागला आणि आतला पंखा जोरात फिरायला लागला. बाबांनी वाकून त्याच्या कुशीला कान लावला. "धापा टाकून राह्यलं."

"ते सुरुवातीला होतं," विकणारा म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "आणि काका, खरं सांगायचं तर खूप काम एकदम दिलं की मधेच अडकतो."

"बसकं हाये म्हणजे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "औत ओढता ओढता जो बैल मधेच खाली बसतो, त्याला बसका म्हणतात."

"हो, अगदी तसंच," तो म्हणाला. "पण थोडा वेळ सोडलं की उठतो."

"मारकं नाही ना?"

"नाही नाही."

एवढं झाल्यावर बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याचा उजवा हात धरला आणि दोघांच्या हातांवर दुपट्टा टाकला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे भोवती उभ्या असलेल्यांना कळत नाही. पण हे त्या बिचाऱ्याला कसं माहीत असणार? तो आधी दचकला आणि मग त्याला गुदगुल्या झाल्या.

"काका, काय करता?"

"भाव करून राह्यलो."

"मग बोला ना. इथे दुसरं कोण आहे?"

बाबांनी डोळ्यांनी लसणाकडे खूण केली आणि आवाज न करता म्हणाले, "माय हाये ना तुमची."

मी त्याला हळूच समजावलं, कोणत्या बोटाला काय. तो हुशार होता, त्याला पटकन कळलं. पण बाबांनी दोन बोटं दाबली की त्याला वाटायचं सौदा झाला, आणि तो आनंदानं बाबांचा अख्खा पंजा धरून हलवायचा.

"हा तं भाव वाढवून राह्यला!" बाबा चिडले.

"वाढवला नाही काका, शेकहँड केला!"

"दुपट्ट्याखाली शेकहँड करत नसतात, भाऊ."

शेवटी जमलं. किती जमलं ते मला अजूनही माहीत नाही. दुपट्ट्याखालचं बाहेर सांगायचं नसतं, असं बाबांचं म्हणणं. पैसेसुद्धा त्यांनी माझ्याकडे पाठ करून दिले.

त्यानं लॅपटॉप पिशवीत ठेवला, चार्जरची गुंडाळी करून त्यावर ठेवली, आणि तेवढ्यात आईनं लसणाची परात बाजूला सारली.

"मला नाही पटत हे," ती म्हणाली. "हा घरात आला आणि त्याच महिन्यात तुला नोकरी लागली. घरची लक्ष्मी आहे ती. कपाटात पडून राहिली म्हणून कोणी विकते का?"

"आई, लॅपटॉप आहे तो."

"मग? लक्ष्मी काय बैलगाडीतूनच येते का?"

त्यानं आमच्याकडे लाजून पाहिलं. मला कळून चुकलं की आता हा पैसे परत देणार. परीक्षेला आठवडा उरला होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे त्यातून काहीच निघालं नाही.

बाबा मात्र गंभीर झाले. "माय बराबर बोलून राह्यली," ते म्हणाले. त्यांनी पिशवीतली चार्जरची गुंडाळी उचलली, दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरली आणि म्हणाले, "हे दावं तुमच्या घरी राहू द्या, माय. आमी जनावर नेतो. दावं नेत नाही. तुमची लक्ष्मी तुमच्याच खुट्याले."

आमच्याकडे ही रीतच आहे. बैल विकला तरी त्याचं दावं विकणारा ठेवून घेतो. घेणारा आपलं दावं घरून नेतो. दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाते असं मानतात. पण हे माझ्या लक्षात यायच्या आधीच तिचा चेहरा बदलला होता.

"तुम्ही कुठले हो?"

"राळेगावकडचे."

"माझं माहेर मुकुटबनचं. माझे वडील असंच करायचे. मला वाटलं, आता कोणाला आठवतही नसंल." तिनं चार्जर पदरात घेतला आणि मुलाला म्हणाली, "पाहिलं? याला म्हणतात माणसं. चहा टाक."

मी बाबांच्या कानाशी लागले. "बाबा, तो चार्जर हाये."

"मालूम हाये मले."

"त्याच्याबिगर हे चालत नाही."

"आपलं दावं आपण घेऊ. एवढ्या मोठ्या यवतमाळात दावं भेटत नाही का?"

मी मदतीसाठी विकणाऱ्याकडे पाहिलं. त्याची आई हसत होती, ही त्या घरात दुर्मीळ गोष्ट असावी. तो घाईनं म्हणाला, "हो हो, कुठेही मिळेल चार्जर." आणि चहा टाकायला पळाला.

घरी आई दारात तांब्या घेऊन उभी होती. नवा बैल आला की त्याच्या पायांवर पाणी घालतात. तिनं तांब्या वाकवलेला पाहून मी लॅपटॉप डोक्यावर धरला आणि ओरडले, "पाणी नको वं!"

"मंग याचे पाय कुठी हायेत?" आईनं विचारलं. शेवटी पाणी माझ्या पायांवर घातलं, आणि हळदीकुंकू त्याच्या झाकणावर.

लॅपटॉप त्या दिवशी अर्धा तास चालला आणि बंद पडला.

दुसऱ्या दिवशी मी यवतमाळमधली दुकानं पालथी घातली. प्रत्येक दुकानदार लॅपटॉपच्या बाजूच्या भोकात डोकावायचा आणि मान हलवायचा. त्याला लागणारी चार्जरची पीन जुन्या पद्धतीची होती. आतून बारीक सुई असलेली. मागवावी लागेल, पंधरा दिवस तरी. मी घरी येऊन सांगितलं. बाबांना ते पटेना. "कोणत्याही बैलाले कोणतंही दावं जमते. याले काहून जमत नाही?"

"कंपनीनं तसं केलं, बाबा."

"कंपनीनं बैल पाह्यलाच नसंल."

मग मी धीर करून विकणाऱ्याला फोन लावला. तो कुजबुजत बोलला. "अहो, तिनं चार्जरला हळदकुंकू लावून देवघरात ठेवलाय. रोज फूल वाहते. उचलला तर मला घरात जेवण मिळणार नाही. एक करता येईल, ती झोपली की मी गुपचूप..."

"कोण आहे?" मागून आवाज आला. थोडी झटापट झाली आणि फोनवर त्याची आई आली. मी अडखळत सगळं सांगितलं. परीक्षा, पीन, वर्ष.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "दावं हलणार नाही. पण जनावराला कोणी नाही म्हटलं? रोज घेऊन ये, बांध इथे, पोटभर चारून ने."

अशी मी रोज सकाळची पहिली एसटी पकडून त्या घरी जायला लागले. चार्जर देवघरातच प्लगला लावलेला, देवासमोरच्या लाल दिव्याच्या शेजारी. वायर आखूड होती. त्यामुळे मला देवाकडे तोंड करून, मांडी घालून, लॅपटॉप पाटावर ठेवूनच बसावं लागे. शेजारची एक बाई हळद मागायला आली तेव्हा माझ्या मागे हात जोडून उभी राहिली आणि जाताना हळूच विचारून गेली, "कोणती पोथी लावली?" मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हटलं, "एसटीची."

आरती सुरू झाली की मला हात थांबवावे लागत. प्रसादाचा एक खडीसाखरेचा दाणा क्यूच्या खड्ड्यात जाऊन पडला. मी तो काढायला लागले तर विकणाऱ्याची आई, जिला मी आता आजी म्हणत होते, म्हणाली, "असू दे, प्रसाद आहे." तेव्हापासून क्यू दाबला की कच् आवाज येतो.

तिला प्रोग्राममध्ये फार रस होता, पण एकाच गावापुरता. "मुकुटबन टाकून पाहा."

मी टाकलं. 'गाडी नाही' असं आलं.

"म्हणजे? मी काय चालत येत होती का माहेराहून?"

"तसं नाही आजी. थेट गाडी नाही. वणीला बदलावी लागते. माझ्या प्रोग्रामला फक्त थेट गाड्या कळतात."

"मग शिकव त्याला बदलायला. अर्ध्या जगाला गाडी बदलूनच घरी जावं लागते. सरळ गाडीवाल्यांना तुझा प्रोग्राम कशाला पाहिजे? ते स्टँडवर जाऊन उभे राहतात."

मला ते नीट पटलं, आणि पटलं म्हणून फार त्रास झाला. गाडी बदलायला शिकवायचं म्हणजे निम्मा प्रोग्राम पुन्हा लिहायचा. देवघरात चार्ज करायचं, कॉलेजात वहीवर लिहून ठेवायचं, घरी गेल्यावर बॅटरी असेपर्यंत ते टाकून पाहायचं. मधे लॅपटॉप बसका निघालाच. तो बसला की मीही हात जोडून बसायची. आजी म्हणायची, "उठंल, उठंल. दमलं असंल." आणि तो उठायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी मुकुटबनला गाडी लागली, वणीला बदलून. आजीनं गूळ वाटला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्या गल्लीची लाइट गेली.

मी देवासमोर बसून राहिले. आजीनं विजेच्या कार्यालयाला फोन केला आणि आमच्या घरी परीक्षा आहे, असं दरडावून सांगितलं. लाइट आली तेव्हा मला निघायला थोडाच वेळ उरला होता. बॅटरी अर्धीही भरली नव्हती. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचा खेळ.

त्यात माझा नंबर शेवटी. बाकीच्यांनी आपापले लॅपटॉप उघडून सराव चालवला होता. मी माझा बंद करून, अंड्यांवर कोंबडी बसावी तशी त्याला धरून बसले होते. परीक्षक नेरकडच्या कॉलेजातून आले होते. थकलेले दिसत होते आणि दर थोड्या वेळानं मनगटावरचं घड्याळ बघत होते.

माझी एक सवय आहे. कुणी मोठ्या माणसानं विचारलं की मी आधी "सर, म्हणजे..." म्हणते आणि मग बराच वेळ काहीच म्हणत नाही. आमच्या सरांना ती माहीत होती. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी परीक्षकांकडे असं पाहिलं, जणू आधीच माफी मागत आहेत.

मी झाकण उघडलं. कोपऱ्यातली बॅटरी लाल होती. मी 'सर, म्हणजे' न म्हणता जी सुरुवात केली ती थांबलेच नाही. गाड्या कशा साठवल्या, वेळ कशी बघते, थेट गाडी नसेल तर बदलायचं गाव कसं शोधते, बदलताना मधे किती अवधी धरते. मुकुटबन टाकून दाखवलं. परीक्षक पुढे झुकले.

"हळू बोला जरा."

"हळू बोलली तं बंद पडंल, सर!"

घरचीच बोली तोंडातून निघून गेली. मागे कुणीतरी हसलं. परीक्षकही हसले, पण त्यांची नजर परत घड्याळावर गेली. "बरं, नेर टाका. आता पुढची कधी आहे?"

मी नेर टाकलं. एंटर दाबलं. आणि पडदा काळा झाला.

परीक्षक काळ्या पडद्याकडे बघत होते. "अहो, वेळ?"

"पावणेपाचची आहे सर," मी म्हटलं. "पण ती सव्वापाचच्या आत लागत नाही. आणि बसायला जागा पाहिजे असंल तर स्टँडवर थांबू नका, आत डेपोच्या फाटकापाशी उभं राहा. तिथूनच भरून येते."

"हे प्रोग्राममध्ये आहे?"

"नाही सर. हे मला माहीत आहे."

त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं. "गाडी बदलण्याचा भाग तिथे लिहून दाखवा."

मी खडू घेतला. तो भाग मी इतक्यांदा वहीवर लिहिला होता की फळ्यावर उतरवायला काही वेळ लागला नाही. मधे त्यांनी विचारलं, पहिली गाडी उशिरा आली तर? मी म्हटलं, त्यासाठीच मधला अवधी जास्त धरला आहे सर, एसटी आहे. त्यांनी माझ्या कागदावर काहीतरी लिहिलं, सही केली, पिशवी उचलली. दारापाशी गेल्यावर वळून जरा रागानंच म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी चार्जर घेऊन येत जा."

"हो सर," मी म्हटलं, आणि मग ते काय म्हणाले ते माझ्या लक्षात आलं.

परीक्षा म्हणून बाबाही यवतमाळला आले होते आणि कॉलेजच्या फाटकाबाहेर थांबले होते. आत या म्हटलं तर चपलांकडे बघून नको म्हणाले होते. मला पाहून त्यांनी आधी पिशवी हातात घेतली.

"काय म्हणले?"

"पुढच्या वर्षी चार्जर घेऊन ये म्हणले."

"पुढच्या वर्षी म्हणजे?"

"म्हणजे तिसऱ्या वर्षाले."

बाबांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली, आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. मी मागून म्हटलं, "बाबा, तिकडं कुठी? आधी आजीले सांगा लागते. ती वाट पाहून राह्यली असंल."

"तिकडंच चाललो," ते म्हणाले. "स्टँडवरून पेढे घेऊ. खाली हात कसं जाणार?"